एक्सेलमध्ये उलटा झालेला टॉवर

शिडीवर चढताना चोवीस नंबरच्या ट्रेपाशी खडूचा पांढरा गोल दिसला आणि मी तिथंच थांबलो. गोलाखाली लिहिलेलं, ‘कट’. खाली फॅब्रिकेटरचा, म्हंजे लोखंड कापणाऱ्या ठेकेदाराचा, माणूस टेप गुंडाळत होता.

मी वरूनच विचारलं, “हे कुणी सांगितलं?”

“ऑफिसातून कागद आलाय, चाचा. नवा फीड नोझल चोवीसवर. परवा प्लांट शटडाऊन, परवाच भोक.”

मी उतरलो तो थेट साबळे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साबळे साहेब म्हंजे आमचे प्लांट मॅनेजर.

आधी टॉवर काय असतो ते सांगतो, न्हाई तर माझा राग तुम्हाला कळणार न्हाई. जालन्याच्या एमआयडीसीत आमचा छोटा प्लांट आहे. औषधाच्या कंपन्या वापरलेलं मिथेनॉल पाठवतात, त्यात पाणी मिसळलेलं असतं. आम्ही ते उकळून मिथेनॉल वेगळं करतो आणि परत पाठवतो. हे काम टॉवरमध्ये होतं. टॉवर म्हंजे पन्नास-साठ फूट उंच लोखंडी नळा, आत तीस मजले. एकेका मजल्याला ट्रे म्हणतात. खाली आग, म्हंजे वाफेची. तळाला शंभर डिग्री, शेंड्याला पासष्ट. पाणी जड, ते खाली राहतं. मिथेनॉल हलकं, ते वर जातं. जो मिसळलेला माल आत सोडायचा त्याला फीड म्हणतात, आणि ज्या तोंडातून सोडायचा त्याला नोझल. तो कोणत्या मजल्यावर सोडायचा, त्यावर सगळा खेळ आहे. आमचा फीड बारा नंबरवर होता, पहिल्यापासून.

हे नंबर टॉवरवर मी रंगवलेले आहेत. टॉवर उभा राहिला तवा मीच डबा-ब्रश घेऊन चढल्तो. शिक्षण चौथी, पण एक ते तीस आकडे आजही कुणी बी येऊन बघावेत, एकसारखे आहेत.

तर साहेबांना म्हणलं, “साहेब, चोवीसवर फीड सोडला तर पाणी शेंड्याला जाईल. तिथून माल निघतो. पाणीच विकायचं तर टँकर गोदावरीवर उभा करा, आमचं शहागड जवळच हाय.”

साहेब हसले न्हाईत. म्हणाले, “रशीदभाई, दोन टँकर परत आलेत. मालात पाणी जास्त. येणाऱ्या मालातच पाणी वाढून तो पातळ झालाय, फीडची जागा बदलावी लागणार. अश्विनी मॅडमनी सॉफ्टवेअरवर काढलंय. कॉम्प्युटरचं उत्तर आहे.”

“कॉम्प्युटर चढल्ता का टॉवरवर?”

“तुम्हाला ग्राफ दाखवायला सांगतो.”

“दाखवा. पण परमिटवर माझी सही लागती, ध्यानात ठेवा.”

टॉवर कापायचा तर आत मिथेनॉलची वाफ उरली न्हाई असं लिहून द्यावं लागतं. त्या कागदाला परमिट म्हणतात आणि त्यावर ऑपरेटरनं सही करायची. मी रिटायर झालो होतो, पण शेठनं परत बोलावून घेतलं, ते उगाच न्हाई. माझ्या सहीशिवाय त्या टॉवरला कुणी ठिणगी दाखवत न्हाई.

अश्विनी मॅडम म्हंजे वाटूरची पोरगी. केमिकल इंजिनियर. नोकरीला पाच महिने झालेले, सहाव्या महिन्यात कायम करायचं का न्हाई ते ठरणार होतं. साहेबांनी तिला साफ सांगितलेलं की हा शटडाऊन नीट झाला तर ऑर्डर, न्हाई तर बघू. म्हंजे त्या खडूच्या गोलात नुसतं भोक नव्हतं, पोरीची नोकरी होती. मला हे ठाऊक होतं. तरी मी तोंड वाकडं करूनच तिच्या टेबलाशी गेलो. सवयच तशी.

तिनं स्क्रीन फिरवली. निळी रेघ, डावीकडून सरळ जाऊन मधेच वर चढलेली.

“चाचा, हा टॉवरचा टेंपरेचर प्रोफाईल. सॉफ्टवेअरमध्ये आपला अख्खा टॉवर बांधलाय. फीड किती, वाफ किती, शेंड्यावरून परत आत सोडलेला माल, म्हंजे रिफ्लक्स, किती, सगळं दिलं की ते प्रत्येक मजल्याचं तापमान सांगतं.”

“मंग हे सॉफ्टवेअर हाय का?”

“न्हाई, हे एक्सेल. सॉफ्टवेअर एकाच कॉम्प्युटरवर चालतं, लायसन एकच हाय. शेठ आणि साहेब एक्सेलशिवाय काही उघडत न्हाईत. म्हणून ग्राफ तिकडून कॉपी करून इकडं पेस्ट केला.”

“ह्या रेघेवर सत्तर डिग्री कुठंय?”

तिनं बोट ठेवलं. “इथं, जवळपास.”

“जवळपास? मी वाफेचा वॉल्व्ह जवळपास फिरवत न्हाई. माऊस ठेवून बराबर आकडा निघतो का?”

“न्हाई निघत. पेस्ट केल्यावर ते नुसतं चित्र होतं.”

“म्हंजे फोटो. फोटोतल्या माणसाला प्रश्न विचारता येत न्हाईत, मॅडम. मला आकडे द्या.”

खरं सांगायचं तर मला ग्राफ वाचता येत न्हाई. पण ते मी तिला सांगितलं न्हाई, आणि तिनं ओळखलं असलं तरी ती बोलली न्हाई. संस्कार चांगले.

ती उठून सॉफ्टवेअरवाल्या कॉम्प्युटरवर गेली. मी मागं उभा. तिथं ग्राफच्या मागं एक तक्ता असतो, ज्या आकड्यांवरून रेघ काढलेली असते तो. तिनं तो तक्ता निवडला, कॉपी केला आणि साहेबांच्या ठरलेल्या फॉरमॅटमध्ये टाकला. साहेबांचा फॉरमॅट म्हंजे वर कंपनीचं नाव, खाली पिवळ्या पट्टीत मथळे. पहिला मथळा ‘ट्रे नंबर’, दुसरा ‘तापमान’. तो फॉरमॅट प्लांटमध्ये सगळ्याला वापरतात. कँटीनच्या यादीला बी पिवळी पट्टी असते.

प्रिंट निघाली. मी चष्मा लावला, बोट ठेवून खाली खाली गेलो.

“मॅडम, टॉवरला ट्रे किती?”

“तीस.”

“तुमच्या कागदावर बत्तीस हायेत. दोन वाटूरहून आणले का?”

ती हसली. “न्हाई हो चाचा. सॉफ्टवेअर वरचा कंडेन्सर आणि खालचा रीबॉयलर पण मोजतं.” कंडेन्सर म्हंजे शेंड्यावरची वाफ थंड करायचं भांडं, रीबॉयलर म्हंजे तळाला उकळायचं. “त्याला ते स्टेज म्हणतं. एक नंबर कंडेन्सर, बत्तीस नंबर...”

ती थांबली.

मी म्हणलं, “एक नंबर कुठं असतो?”

ती कागदाकडं बघत राहिली, मंग खिडकीतून टॉवरकडं. खाली जमिनीजवळ माझा एक नंबर दिसत होता, पांढराशुभ्र.

मी बोललोच. “आमच्या शहागडला पुलाच्या खांबावर पाण्याच्या खुणा हायेत. त्या खालून सुरू होतात. कारण पाणी खालून चढतं. माणूस बी शिडी खालूनच चढतो. तुमचं सॉफ्टवेअर आभाळातून उतरतं का?”

“सगळी पुस्तकं वरूनच मोजतात, चाचा.” आवाज बारीक झाल्ता. “मला माहीत होतं. सॉफ्टवेअरमध्ये मी बराबर उलटं करून भरलंय, सध्याचा फीड वीस नंबरच्या स्टेजवर टाकलाय. पण बाहेर काढताना आकडे तसेच ‘ट्रे नंबर’खाली गेले. आणि फॅब्रिकेटरकडं गेलेला कागद बी ह्याच फॉरमॅटमध्ये काढलेला.”

“मंग तुमचा चोवीस म्हंजे माझा किती?”

तिनं मनातल्या मनात केलं. “बत्तीसमधून चोवीस. आठ.”

आठ. बारावरून खाली आठ. माल पातळ झाला तर फीड खाली न्यायचा, हे मला बी पटण्यासारखं होतं. म्हंजे कॉम्प्युटर बरोबर होता, पोरगी बरोबर होती, फक्त कागदावर टॉवर डोक्यावर उभा होता. त्या कागदावरून परवा भोक पडलं असतं आणि पोरगी वाटूरच्या एसटीत बसली असती.

आता मी नम्रपणे गप्प बसायला हवं होतं. पण मी छाती काढून म्हणलं, “थांबा. माझं रजिस्टर आणतो. तुमच्या कॉम्प्युटरची परीक्षा होऊन जाऊ द्या.”

टॉवरवर पाच ठिकाणी तापमानाचे गेज लावलेले आहेत. चार, दहा, सोळा, बावीस आणि अठ्ठावीस नंबरला. दर दोन तासांनी मी ते आकडे रजिस्टरात लिहितो, शाई-पेनानं. तिनं आधी मथळा बदलून ‘स्टेज’ केला, मंग एक बटन दाबून सगळी यादी उलटी केली, खालचं वर आणि वरचं खाली. वर-खालचे दोन जादा काढून टाकले आणि उरलेल्यांपुढं एक ते तीस ट्रे नंबर टाकले. आता तिचा एक माझ्या एकाशी बसला. मी आकडे सांगत गेलो, ती शेजारच्या रकान्यात भरत गेली.

“चार नंबर, सत्त्याण्णव.”

“माझे सत्त्याण्णव.”

“दहा, चौऱ्याऐंशी.”

“पंच्याऐंशी.”

“एका डिग्रीला मी माफ करतो. सोळा, सत्तर.”

“माझे शहात्तर.”

“मंग चुकला तुमचा कॉम्प्युटर. बावीस, एकोणसत्तर.”

“एकोणसत्तर.”

“अठ्ठावीस, पासष्ट.”

“पासष्ट.” तिनं कीबोर्डवरचा हात काढला. “चाचा, चार ठिकाणी जुळतंय आणि एका ठिकाणी सहा डिग्रीचा फरक. आणि सोळाला सत्तर, बावीसला एकोणसत्तर. सहा मजल्यांत एकच डिग्री?”

“तो सोळाचा गेज माझा सगळ्यात भरवशाचा हाय. त्याच्यावर मी टॉवर चालवतो. सोळा सत्तरवर ठेवायचा, सत्तरच्या खाली गेला की वाफ वाढवायची. किती साल झाले.”

“मी काही म्हणत न्हाई. तपासून बघू का?”

“बिलकुल बघा.”

गेज टॉवरला जोडलेल्या बंद नळीत बसवलेला असतो, तिला खिसा म्हणतात, म्हणून प्लांट चालू असताना बी काढता येतो. मी सोळाचा काढला, बावीसचा बी काढला, आणि दोन्ही घेऊन आम्ही कँटीनमध्ये गेलो. चहावाल्या मावशीला म्हणलं, पातेल्यात नुसतं पाणी खळखळून उकळा, पत्ती टाकू नका. जालन्यात पाणी अठ्ठ्याण्णवला उकळतं, हे मला पाठ आहे. बावीसचा बुडवला. काटा अठ्ठ्याण्णववर जाऊन थांबला. मंग सोळाचा बुडवला.

ब्याण्णव.

मी काच ठोकली. ब्याण्णवच. मावशी म्हणाली, “रशीदभाई, पाण्याचा दोष हाय का?”

अश्विनी मॅडमनं नुसता गेज पुसून बाजूला ठेवला. तिनं बोलायला पाहिजे होतं, मला बरं वाटलं असतं. गेज सहा डिग्री कमी दाखवत होता. म्हंजे मी ज्याला सत्तर समजून राह्यलो, ते खरं शहात्तर होतं. काटा जरा खाली आला की मी वाफ देत होतो, आणि ती जादा वाफ पाणी घेऊन वर जात होती. टँकरमध्ये. दोन्ही टँकर माझ्याच शिफ्टला भरलेले होते.

आम्ही चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर ती म्हणाली, “साहेबांना काय सांगायचं?”

मी म्हणलं, “तुमचं तुम्ही सांगा. माझं मी सांगतो. दुसऱ्याच्या तोंडून चूक मोठी वाटती.”

साहेबांच्या केबिनमध्ये तिनं आधी सांगितलं, सरळ, काही न लपवता. साहेबांचा चेहरा लाल झाला. “अश्विनी, भोक पडलं असतं तर?”

“पडलं न्हाई साहेब,” मी म्हणलं. “आणि अजून एक ऐका.” मंग मी गेज टेबलावर ठेवला आणि माझं सांगितलं. साहेब माझ्याकडं बघत राहिले. इतक्या सालात मी चूक कबूल करायला त्या केबिनमध्ये कधी गेलोच नव्हतो.

शेवटी ते अश्विनीला म्हणाले, “पण आकडे ‘ट्रे नंबर’खाली टाकलेच कशाला?”

“फॉरमॅट तुमचा आहे, सर. मथळे लॉक आहेत. मी आज ऑफिसातून पासवर्ड मागून घेतला.”

साहेबांनी पाणी पिलं.

त्याच दिवशी नवा गेज बसवला. दुसऱ्या दिवशी लॅबचा रिपोर्ट आला, मालातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. पण पास होण्याइतकं न्हाई. म्हंजे अर्धं पाणी माझं होतं आणि अर्धं फीडच्या जागेचं. शटडाऊन ठरल्याप्रमाणे झाला. आठ नंबरवर मी स्वतः खडूनं गोल काढला, पोरीनं तो खालून बी मोजला आणि वरून बी मोजला, तवा मी परमिटवर सही केली. चौथ्या दिवशी माल पास झाला. महिनाअखेरीला अश्विनी मॅडमला कायमची ऑर्डर मिळाली. तिनं पेढे वाटले, मला दोन दिले आणि कानाशी म्हणाली, “एक खालून, एक वरून.”

मंग तिनं एक काम सांगितलं. टॉवरच्या दुसऱ्या बाजूला लाल रंगात सॉफ्टवेअरचे नंबर टाकायचे, वरून मोजलेले. मी आठ दिवस न्हाई म्हणलं. नवव्या दिवशी टाकले, कारण दुसऱ्या कुणी रंगवले असते तर आकडे वाकडे आले असते. एक नंबर कंडेन्सरचा, म्हणून शेंड्याच्या ट्रेवर दोन आकडा काढला आणि तिथून रंगवत खाली उतरत आलो. सांगतो तुम्हाला, हातात डबा घेऊन खाली उतरत मोजणं लई अवघड आहे. हे सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं, तो शिडी चढलेला माणूस न्हाई.

चोवीसवरचा खडू मी पुसला न्हाई, पावसानं जाईल तवा जाईल. आणि आता कुणी मला कागदावरचा आकडा सांगितला, तर मी दोनच गोष्टी विचारतो. मोजायला कुठून सुरुवात केली, आणि ज्यानं मोजलं ते उकळत्या पाण्यात कधी बुडवलं होतं. दुसरा प्रश्न मी स्वतःलाबी विचारतो, पण कुणी जवळ नसताना.