द्वारका चौकात सुटलेला हात

एकट्याने स्वमग्न मूल वाढवणाऱ्या आयांनो, बापांनो, मुलाच्या औषधांची चौकशी सगळे करतात. आपल्या औषधांची कुणीच करत नाही.

गोळीने मला गाढ झोप लागते आणि माझी नऊ वर्षांची ईरा पहाटे कडी काढून बाहेर पडते. म्हणून आठवड्यापूर्वी मी माझी नैराश्याची गोळी परस्पर बंद केली.

आज सकाळी द्वारका चौकात रस्ता ओलांडताना माझी छाती धडधडली, अंधारी आली, ईराचा हात सुटला. हॉर्नला घाबरून ती कान दाबून ट्रकसमोर थांबली. एका रिक्षावाल्याने तिला ओढलं.

"ताई, झोपेत चालताय का? पोरगी गेली असती आत्ता!"

झोपेत नव्हते, दादा. गोळी सोडल्यापासून आठवडाभर धड झोपलेच नव्हते.

पुढच्या वेळी तिथे रिक्षा असेलच असं नाही. तुम्हीही गोळी परस्पर बंद केली असेल, तर आत्ताच डॉक्टरांना फोन लावा.