मेजरसाहेबांचा अभिप्राय

मेजर फौजेत कधीच मेजर नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्यांना स्वतःला ते सांगायला निवृत्तीनंतरचं बहुतेक आयुष्य लागलं.

ते ट्रक चालवायचे. पीठ, बटाटे, रॉकेल, बूट आणि टपाल भरून डोंगरातल्या रस्त्यानं वर जायचं आणि रिकामी पिंपं घेऊन खाली यायचं, ही त्यांची नोकरी. कामात चोख होते. गाडी एकदाही दरीत घातली नाही, आणि ज्यांनी ते रस्ते पाहिलेत ते याला थोडं म्हणणार नाहीत. निवृत्त होताना फौजेनं त्यांना द्यायचं ते सगळं दिलं. हुद्दा तेवढा सोसायटीनं दिला.

त्याचं असं झालं. ते नव्या इमारतीत राहायला आले तेव्हा जिन्याखाली रहिवाशांच्या नावांची पाटी रंगवणं चाललं होतं. सेक्रेटरींना दुसऱ्या मजल्यावर एक डॉक्टर मिळाला होता, तिसऱ्यावर वकील. चौथा मजला उघडाबोडका दिसत होता. फौजेत होतात ना, असं त्यांनी विचारलं. होतो, असं हे म्हणाले. त्यावर सेक्रेटरींनी रंगाऱ्याला नावापुढे मेजर लिहायला सांगितलं. आता चारचौघांत काय बोलायचं, उद्या सांगू, म्हणून हे वर गेले. उद्यापर्यंत रंग वाळला होता.

पुढे ते खोटं असं काही बोलले नाहीत. कोणी मेजर म्हटलं की ओ देत गेले, इतकंच. वॉचमन सलाम ठोकायला लागला. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीपासून कुत्र्यांच्या बंदोबस्तापर्यंत सगळ्या मोहिमांचं नेतृत्व आपोआप यांच्याकडे यायला लागलं. मिशी मात्र त्यांनी नंतर मुद्दाम वाढवली. बायको होती तोवर घरात हसायची आणि जिन्यात ‘आमचे मेजर’ म्हणायची. मुलाला सगळं ठाऊक होतं. पण त्याचं लग्न ठरताना कुणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय वडिलांना पदावरून उतरवणारा मुलगा काही तो नव्हता.

सून घरात आली तेव्हा पाटी भिंतीवर होतीच. तिनं ती वाचली आणि विश्वास ठेवला. यात तिचं काय चुकलं?

सुनेचं काम पुस्तकं वाचण्याचं. मोठ्यानं, माइकसमोर. एका कंपनीसाठी ती ऑडिओबुकं करायची. तिचा आवाज खर्जातला, म्हणून कंपनीनं युद्ध आणि साहस हा विभाग तिच्या गळ्यात घातला होता. घरातली अडगळीची खोली तिनं रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या बांधल्या, दाराच्या फटीत पायपुसणं कोंबलं, आणि तिथं बसून ती दिवसाउजेडी किल्ले घ्यायची, पूल उडवायची, शिखरं सर करायची. तेवढा वेळ घरात पंखा बंद, फ्रिज बंद, कुकरचं नावही काढायचं नाही. रेकॉर्डिंग झालं की हेडफोन सासऱ्यांच्या डोक्यावर चढवले जायचे. कुठे अक्षर गिळलंय, कुठे पान वाजलंय, एवढंच त्यांनी ऐकून सांगायचं होतं. मत कुणी विचारलं नव्हतं.

पण माणसाच्या कानाला युद्ध लावलं आणि तोंडाला काही लावलं नाही, तर मतं येणारच.

त्यांचं पहिलं म्हणणं असं की युद्धकथेत माणसं फार बोलतात. छातीत गोळी घुसलेला शिपाई आईला एक, गावाला एक आणि देशाला एक असे परिच्छेद बोलतो, आणि शेजारचा लढाई थांबवून ते ऐकून घेतो. शिवाय या पुस्तकांत कुणी कशाची वाट बघत नाही. फौज म्हणजे मुळात वाट बघणं. गाडीची, हुकमाची, डाळीला उकळी यायची. इथं पान उलटलं की हल्ला. अख्खी पलटण बर्फातून चालते, पण एकाच्या पायाला फोड येत नाही की एकाचं पोट बिघडत नाही. गिर्यारोहकांवर तर त्यांचा विशेष राग होता. कड्याला लटकलेला एक जण दोन पानं सूर्यास्ताचं वर्णन करत राहिला, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, ‘दोराला लटकलेला माणूस सूर्य बघत नाही. गाठ बघतो.’

समुद्रावरच्या साहसांबद्दल मात्र त्यांची कधीच तक्रार नसे. वादळ, देवमासे, मोडलेली डोलकाठी, निर्जन बेटावर सापडलेलं गोडं पाणी, सगळं त्यांना बिनशर्त मंजूर होतं. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

सून आधी हसायची. मग मान डोलवायला लागली. मग एकदा फोनवर कंपनीच्या माणसाला म्हणाली, की आमचे बाबा निवृत्त मेजर आहेत आणि त्यांचं म्हणणं असं असं आहे. कंपनीच्या माणसाला हे फारच आवडलं. त्यानंतर प्रत्येक युद्धकथेच्या सुरुवातीला एक ओळ आली: लष्करी तपशिलांसाठी सल्ला, निवृत्त मेजर, आणि पुढे त्यांचं नाव. ती ओळ त्यांनी पहिल्यांदा ऐकली ती हेडफोनमध्ये, सुनेच्याच भारदस्त आवाजात. मागे घेऊन पुन्हा ऐकली. कानाच्या पाळ्या तापल्या. आता सांगून टाकावं, असं मनात आलं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली, आणि ते म्हणाले, ‘आवाज छान लागलाय हो.’

उंटावरून शेळ्या हाकणारे खूप असतात. बटाट्याच्या पोत्यांवरून सैन्यं हाकणारे तेवढे हेच.

मग ते बारीकसं पुस्तक आलं. लिहिणारा निवृत्त शिपाई होता, उतारवयात पहिल्यांदाच लिहिलेलं. त्यात माणसं फार बोलत नव्हती. वाट बघत होती. पायांना फोड येत होते. मेजर एक प्रकरण ऐकत, दुसरं ऐकत, आणि त्यांना काही सुचत नसे. चुका काढायला बसलेल्या मास्तरच्या हातात बिनचूक पेपर पडावा आणि तो मनातून चिडावा, तसं झालं.

तिसऱ्या प्रकरणात पहाट होते. चौकीच्या पुढे, दगडांपलीकडे, साथीदाराला गोळी लागते. तो गोष्ट सांगणाऱ्या शिपायाला लाडाच्या नावानं हाका मारतो. हा जात नाही. हा आपल्या बुटाची नाडी काढतो आणि पुन्हा ओवतो. परत काढतो, परत ओवतो. हाका थांबेपर्यंत. मग नीट गाठ मारून बसून राहतो.

मेजरांनी हेडफोन उतरवले. कितीतरी वेळ ते गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत होते. इतक्या युद्धकथांत पहिल्यांदाच त्यांना एकाही शब्दाची शंका आली नव्हती. सुनेनं विचारलं, कसं वाटलं बाबा? तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं, ‘हे खोटं आहे. जवान साथीदाराला असा टाकत नाही. काढायला सांग.’

का म्हणाले, ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. हे खरं आहे असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की तुम्ही पाहिलंत का असं? त्या प्रश्नाच्या पलीकडे बटाट्याची पोती होती.

सुनेनं कंपनीला सांगितलं, कंपनीनं लेखकाला. लेखक एका शब्दानं भांडला नाही. सुनेला नवल वाटलं, कारण तिच्या अनुभवात लेखक लोक स्वल्पविरामासाठी कोर्टात जायला तयार असतात. ती पानं गेली. पुस्तक बाहेर पडायच्या आधी लेखकानं एवढंच कळवलं, की मेजरसाहेबांना एकदा भेटून जायचंय.

तो दुपारी आला. काटकुळा, इस्त्रीचा शर्ट, बुटाला पॉलिश. दार उघडताच टाचा जुळवून त्यानं सलाम केला. मेजरांचा हात वर निघाला आणि मिशीपाशी घुटमळून खाली आला. बसा म्हटलं तरी तो बसेना; साहेब बसल्यावर बसला, तोही खुर्चीच्या कडेवर. पाठ ताठ. सुनेनं चहा आणला, बिस्किटं आणली आणि कौतुकानं समोर बसली. दोन फौजी बोलणार म्हणून तिनं फोनसुद्धा बंद करून ठेवला होता.

त्यानं आधी इकडचं तिकडचं विचारलं. गुडघे, साखर, नातवंडं. मग कप खाली ठेवला.

‘साहेब, तुमचा निरोप आला आणि मला फार बरं वाटलं. ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लिहिलं एकदाचं. आणि तुम्ही म्हणालात, असं नसतं. मी म्हटलं, एवढा मोठा अधिकारी सांगतोय, त्यानं किती माणसं बघितली असतील. म्हणजे तो कदाचित हाका मारत नसेल. लागल्या लागल्याच गेला असेल. मलाच तसं वाटत राहिलं असेल. वय झालं की होतं ना साहेब असं?’

आणि तो उत्तराची वाट बघत राहिला.

होतं, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पाहुणा हलका होऊन घरी गेला असता, सुनेचा अभिमान जागच्या जागी राहिला असता, जिन्याखालच्या पाटीला कुणी हात लावला नसता. एक शब्द. जिभेच्या टोकावर होताही. पण दगडांपलीकडच्या त्या पोराकडे एकदा कुणी गेलं नव्हतं. आणि आता, या हॉलमध्ये, बिस्किटांच्या बशीवरून, त्याच्या हाकाही काढून घेणं चाललं होतं.

‘मी मेजर नव्हतो,’ ते म्हणाले.

सून हसली. तिला वाटलं, मोठी माणसं विनयानं बोलतात तसं काहीतरी आहे.

‘ड्रायव्हर होतो. सामानाच्या गाडीवर. गोळीबार ऐकलाय मी, पण खालून.’ हे त्यांनी बशीकडे बघत सांगितलं. ‘ती पाटी सोसायटीची आहे. मी पुसली नाही.’

खोलीत पंखा फिरत होता, तो फारच मोठ्यानं फिरतोय असं वाटायला लागलं. सुनेच्या चेहऱ्यावरचं हसू जायला थोडा वेळ लागला. कुठे ठेवावं ते तिला कळेना.

‘मग ते खोटं आहे असं का म्हणालात?’ पाहुण्यानं विचारलं. यावेळी साहेब म्हणाला नाही.

‘खरं वाटलं म्हणून.’

पाहुण्याची ताठ पाठ हळूहळू खुर्चीला टेकली. शिव्या देईल, उठून जाईल, असं मेजरांना वाटलं. बरंच झालं असतं ते. तो फक्त म्हणाला, ‘म्हणजे मारत होता हाका.’

‘असणार,’ मेजर म्हणाले, आणि या एका शब्दानं आपण त्याचं काय परत त्याच्या मांडीवर ठेवलं, ते त्यांना दिसलं.

सुनेनं अर्धे भरलेले कप उचलले. परत आल्यावर तिनं पाहुण्यालाच विचारलं, ती पानं पुन्हा घ्यायची का. घ्या, तो म्हणाला. आत्ताच घेते, ती म्हणाली, आणि सुरुवातीच्या त्या सल्ल्याच्या ओळीचंही बघते. खोलीत शिरताना ती सासऱ्यांना म्हणाली, ‘बाबा, पंखा आणि फ्रिज बंद करा जरा.’ रोज म्हणायची तसंच म्हणाली. ‘बाबा’ ही हाकसुद्धा तीच. फक्त त्यांच्याकडे बघितलं नाही, आणि ते त्यांना शिव्यांहून जास्त लागलं.

आवाज नको म्हणून दोघं गॅलरीत जाऊन बसले. आत गाद्यांच्या मागे ती काय वाचत होती ते ऐकू येत नव्हतं. पण कुठवर आली असेल, ते दोघांनाही अंदाजानं कळत असावं, कारण दोघंही पाहुण्याच्या बुटांकडे बघायचं टाळत होते.

‘काय असायचं गाडीत?’ पाहुण्यानं हळू आवाजात विचारलं.

‘पीठ. बटाटे. टपाल.’

‘टपाल,’ तो म्हणाला. ‘त्याला एक पत्र आलं होतं घरचं. तो गेल्यावर पोचलं.’

दरड, बंद रस्ता, ताफा सोडायच्या हुकमाची वाट. सगळी कारणं मेजरांना पाठ होती, आणि या विषयावर बोलायचा अधिकार तर अगदी पक्का त्यांचाच होता.

‘उशीर व्हायचा,’ ते म्हणाले.