छापण्याआधी वाचून दाखवायचं

माझ्या धाकट्या नणंदबाई चार पानांचं पाक्षिक चालवतात. संपादक त्या, बातमीदार त्या आणि सायकलवरून अंक वाटणाऱ्याही त्याच. मुद्रितं तपासायला तेवढी मी. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "लोकशाहीचा चौथा खांब आमच्या जेवणाच्या टेबलाला टेकलाय, ताटं जपून ठेवा."

पूर्वी वन्सं एका मोठ्या दैनिकात होत्या. खालच्या वस्तीतल्या तुंबलेल्या गटारांवरचा त्यांचा मजकूर तिथे कापून चार ओळींचा केला गेला आणि उरलेल्या जागेत टेकडीवरच्या सोसायटीतलं कुत्र्यांचं प्रदर्शन आलं, फोटोसकट. त्या दुपारी त्या जेवणाचा डबा न उघडताच घरी आल्या आणि परत गेल्या नाहीत. "कुत्र्यांवर माझा राग नाही हो, वहिनी," म्हणाल्या, "पण गटारात माणसं उभी आहेत."

पाक्षिकाचा नियम एकच. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवायचं आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत घालायचं. मग ती वस्तीतली इस्त्रीवाली असो नाहीतर नगरसेवक. इस्त्रीवाली तर ऐकता ऐकता टोकते. "ताई, ते पीडित-बिडित काढा. मी चिडलेय, असं लिहा."

यंदा पालिकेने खालच्या वस्तीतला दवाखाना टेकडीवरच्या नव्या इमारतीत न्यायचं ठरवलं. तिथे बस जात नाही. इस्त्रीवालीची सून पोटुशी, दिवस भरत आलेले. तिने तपासणीसाठी तो चढ कसा चढायचा? शुक्रवारच्या सभेत ठराव येणार होता. इतर वर्तमानपत्रांत त्याची ओळही नव्हती. अंक त्याआधी निघाला नाही, तर दवाखान्याला कुलूप लागल्यावरच वस्तीला कळणार होतं.

नियमाप्रमाणे वन्सं नगरसेवकांकडे गेल्या. त्यांना सगळे काका म्हणतात. मी सोबत होते. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"लिहिता छान हो तुम्ही. माझं म्हणणं घालणार ना? मग घाला. खालच्या लोकांना चालायची सवय आहे. चढ आम्हाला जड, त्यांना नाही."

वन्संनी ते उतरवलं आणि वाचून दाखवलं. "हेच ना, काका?"

"हेच. काना-मात्रा बदलू नका."

दुपारी छापखान्यातून निरोप आला की यंत्र बिघडलंय. आम्ही गेलो, तर यंत्र धडाडत होतं आणि त्यातून काकांच्या वाढदिवसाची पत्रकं भराभर बाहेर पडत होती.

"बिघडलेलं यंत्र बरंच बोलतंय की!" वन्सं म्हणाल्या.

छापखानेवाले भाऊ खाली बघत होते. "ताई, मला पोट आहे."

"मलाही आहे. पण मी ते गहाण नाही ठेवलेलं."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे शाई नव्हती. त्याच्या पुढच्याकडेही नव्हती. गावात जणू शाईचा दुष्काळ पडला होता. परतताना माझा तोल गेला.

"चोराला विचारून दिवे लावायचे होते का, वन्सं? आधी छापायचं, मग वाचून दाखवायचं!"

"पाठीमागेच बोलायचं असतं, तर पेपर कशाला काढला असता, वहिनी? तुमच्याशी गप्पाच मारल्या असत्या."

शुक्रवारी सकाळी त्या दवाखान्यात गेल्या आणि रांगेसमोर उभं राहून त्यांनी अख्खा मजकूर मोठ्याने वाचला. खोकणाऱ्यांनीसुद्धा खोकला दाबला.

"चालायची सवय आहे?" इस्त्रीवाली म्हणाली. "चला तर मग. पालिकेपर्यंत चालू."

सभागृहात प्रेक्षकांचे बाक भरले. काही बायका भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, सुनेला मात्र सगळ्यांनी सरकून जागा दिली. प्रेक्षकांनी बोलायचं नाही, अशी पाटी तिथे लावलेली आहे. काकांनी ठराव मांडला. म्हणाले, वस्तीचा विरोध नाही, उलट आग्रह आहे.

वन्सं उठल्या आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. अध्यक्षांनी घंटी वाजवली. त्या थांबल्या नाहीत. काकांचं वाक्य आलं तसं त्यांनी मान वर करून ते काकांकडे बघत वाचलं, काना-मात्रा न बदलता. विरोधी बाकांवर कोणीतरी मोठ्याने हसलं.

"मी असं बोललोच नाही!" काका ओरडले.

"दोनदा बोललात," मी म्हणाले. मी सभेत बोलेन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. "मी समोर होते. दुसऱ्यांदा 'हेच' म्हणालात."

शिपाई वन्संना बाहेर न्यायला आला. "ताई, चला आता."

"दोन ओळी राहिल्यात, बाबा."

तो हात मागे बांधून उभा राहिला. ओळी संपल्यावरच त्याने दार उघडलं.

ठराव त्या दिवशी मताला आला नाही. पुढच्या सभेवर ढकलला, एवढंच. दवाखाना आज खालीच आहे, आणि सुनेची तपासणी परवा तिथेच झाली. छापखाना मात्र गेला तो गेलाच. आता अंक हाताने लिहून निघतो. वन्सं, मी आणि इस्त्रीवालीची मधली मुलगी लिहायला बसतो, आणि प्रती दवाखान्याच्या भिंतीवर, नळाशी, बसथांब्यावर चिकटवतो. काकांची माणसं त्या फाडतात.

"ठराव परत येईलच हो," मी परवा म्हणाले.

वन्संच्या हाताला खळ लागली होती. "येऊ दे की," त्या म्हणाल्या आणि फाटक्या प्रतीवर दुसरी प्रत थापून बसवली.