दाजींचा पाण्याचा पट्टा

बोलण्याआधी घसा खाकरायची दाजींना सवय होती. दोनदा खाकरले की सल्ला येणार, तीनदा खाकरले की स्वतःचं कौतुक. चौथ्यांदा ते कधी खाकरत नसत. चूक कबूल करायची वेळ, त्यांच्याच म्हणण्यानुसार, अजून आलेली नव्हती.

धंदा फवारणीचा. ट्रॅक्टरमागे टाकी, टाकीला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे लांब दांडे, दांड्यांवर ओळीनं नोझल. गव्हावर भुरी, म्हणजे पीठ सांडल्यासारखी पांढरी बुरशी, दिसली रे दिसली की फोन दाजींनाच. दाजी पान न बघता फोनवरच निदान करत. औषध दरवर्षी बदलायचं, हा त्यांचा बाणा. एका वर्षी लाल झाकणाची बाटली, पुढच्या वर्षी निळ्या, यंदा हिरव्या. बुरशीला सवय लागू द्यायची नाही, तिला चकवत ठेवायचं, हे ते तीनदा खाकरून सांगत.

यंदा घोटाळा झाला तो नेमका मेव्हण्याच्या शेतात. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मोजकंच बोलणार, पण बोललेलं आठवडाभर टोचत राहणार. त्याच्या गव्हात ट्रॅक्टर हाकताना दाजी फोनवर कुणाला तरी शिकवत होते, की फवारताना चित्त कसं एकाग्र ठेवावं. त्या नादात रस्त्याकडच्या भागावर दोनदा फेरी झाली, आणि विहिरीकडचा शेवटचा पट्टा आला तेव्हा टाकी ठणठणीत. बाटल्याही संपलेल्या. दुकानात जाऊन यायला तासभर लागला असता. तासाचं काही नव्हतं, पण मेव्हण्यानं कारण विचारलं असतं. दाजींनी टाकी धुतली, विहिरीचं पाणी भरलं आणि पट्टा नुसत्या पाण्यानं फवारला. तेही शिस्तीत, मान मागे वळवून, दांडा सरळ आहे ना ते बघत. पाणी इतकं मन लावून आजवर कुणी मारलं नसेल.

पुढचे पंधरा दिवस दाजींच्या जिवाला घोर. हिरव्यागार शेतात एकच पट्टा पांढरा उठणार आणि आपली अब्रू लांबूनसुद्धा वाचता येणार. रोज काहीतरी निमित्त काढून ते शेताकडे चक्कर मारू लागले. माझ्या भावावर एवढं प्रेम कशानं उतू चाललंय, असं बायकोनंही विचारून घेतलं.

सोळाव्या दिवशी पाहतात तर अख्खं शेत पांढरं. पट्टाही आणि शेतही. दाजींनी पट्ट्यातली दहा पानं तपासली, बाहेरची दहा तपासली. फरक नावाला नाही. सुटलो, म्हणून त्यांनी चक्क शीळ घातली. शीळ बांधापर्यंत टिकली. तिथं डोक्यात उजेड पडला. पाणी मारलं तिथं जेवढी भुरी, तेवढीच औषध मारलं तिथं, आणि दोनदा मारलं तिथंही तेवढीच. म्हणजे आपलं औषध आणि विहिरीचं पाणी यांची लायकी एकच.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्यानं बोलावलेल्या प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. पिकांचे रोग हा त्यांचा विषय, आणि ‘असं आपण म्हणू शकत नाही’ हे त्यांचं आवडतं वाक्य. हवा दमट होती म्हणून असेल, फवारणी उशिरा झाली म्हणून असेल, किंवा बुरशी औषधाला दाद देत नसेल. पण नक्की असं आपण म्हणू शकत नाही. पानं तपासून निकाल यायला दोन आठवडे. एखादा पट्टा बिनऔषधाचा सोडला असता, तर आजच अंदाज आला असता.

मेव्हणा म्हणाला, दोन आठवडे कोण थांबतंय? शेंड्याचं पान अजून हिरवं आहे, दाणा त्याच्याच जिवावर भरणार. हेच औषध दुप्पट मारून टाकू. जमलेल्या शेजाऱ्यांनीही माना हलवल्या.

“दाजी, उद्या सकाळी येताय ना?”

गप्प बसावं तर नाव राहतं आणि सगळ्यांचा गहू जातो. बोलावं तर गहू कदाचित राहील, पण मेव्हणाही राहणार, जन्मभर, समोर. दाजी खाकरले. पुन्हा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले, आणि मग चौथ्यांदा.

“पट्टा आहे,” ते म्हणाले. “विहिरीकडचा. तिथं मी नुसतं पाणी मारलंय.”

“पाणी?” मेव्हणा म्हणाला.

“स्वच्छ होतं,” दाजी म्हणाले. मग खाली बघत पुढं जोडलं, “आणि रस्त्याकडं दोनदा औषध पडलंय. तेही चुकूनच.”

बाई मात्र लॉटरी लागल्यासारख्या गव्हात शिरल्या. तिन्ही ठिकाणची पानं मोजून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, नमुने जातीलच, पण दुप्पट मारायचं नाव काढू नका. आधी काय काय मारलंय ते दाखवा.

दाजींनी मोठ्या उमेदीनं ट्रॅक्टरच्या पेटीतून जपून ठेवलेल्या तिन्ही रिकाम्या बाटल्या काढल्या. बाईंनी झाकणांकडे पाहिलंच नाही. बाटल्या फिरवून मागचा बारीक अंक दाखवला. तो औषधाच्या गटाचा अंक, आणि तिन्हींवर एकच. नावं तीन, बुरशीवर वार करायची तऱ्हा एक. दरवर्षी तोच वार झाला की त्याला न मरणारी बुरशी तेवढी मागे उरते, आणि मग तिचंच राज्य.

दाजींनी चष्मा चढवून तिन्ही अंक पुन्हा वाचले.

“म्हणजे मी तिला तेच जेवण नव्या ताटात वाढत होतो.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितलेली दोन वेगळ्या गटांची औषधं, पुरत्या मात्रेत, एकत्र फवारली. फोन घरी. खालची पानं गेली ती गेलीच, पण शेंड्याची बरीचशी वाचली आणि दाणा भरला.

आता दाजी जिथं फवारतात तिथं एक पट्टा दोन काठ्या रोवून बिनऔषधाचा सोडतात. मेव्हणा लोकांना त्यांची ओळख ‘आमचे पाणीवाले दाजी’ अशी करून देतो. दाजी ते मनावर घेत नाहीत. अनुभव किती वर्षांचा, असं नव्या गिऱ्हाइकानं विचारलं की न खाकरता सांगतात, “औषधाचा बारा वर्षांचा, पाण्याचा एका पट्ट्याचा. कामाला आला तो पाण्याचा.”