नऊ वाजताचं पाणी

जुन्नरच्या नदीकाठच्या पेठेत पाहुण्यांना इतिहास दाखवणं हे माझं काम नव्हे. माझं काम पाणी सोडायचं. सकाळी सहापासून कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा आणि घड्याळ बघून बंद करायचा. अठ्ठावीस वर्षं झाली. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही, 'पाणीवाले भाऊ' म्हणतात, आणि खरं सांगतो, मला ते लई आवडतं.

त्या रविवारी पुण्याहून वीस-बावीस मंडळी जुनं गाव पायी बघायला येणार होती. त्यांना फिरवणारे सरही पुण्याचेच. शनिवारी संध्याकाळी त्या सरांचा घसा बसला, वर तापही चढला. इथली व्यवस्था बघणारे आमचे निवृत्त मास्तर घामाघूम होऊन माझ्या दारात आले.

"भाऊ, तुम्हीच चला. गावाची एकूण एक गल्ली तुम्हाला ठाऊक. नाहीतर गावाचं नाक कापलं जाईल."

"अहो मास्तर, मला शतकं कुठं माहीत आहेत? मला पाइप किती इंची ते विचारा!"

"शतकं यात छापलीत," म्हणत त्यांनी माझ्या हातात पत्रक कोंबलं आणि मी नाही म्हणायच्या आत जिना उतरले.

मग बसलो वाचत. आई शेजारी लसूण सोलत होती. पंच्याऐंशीची आहे, डोळे अधू झालेत, पण कान शाबूत. मी मोठ्यानं वाचत होतो. घाट झाला, कागद बनवणाऱ्यांची वस्ती झाली, मग हौद आला. 'या हौदाचे पाणी सारे गाव पीत असे.'

आईचा हात थांबला.

"सारं गाव?"

"असं लिवलंय खरं."

"मग आमी कोन व्हतो?"

आम्ही नदीच्या खालच्या अंगाच्या वस्तीतले. आज बौद्ध. घरानं दीक्षा घेतली तेव्हा आई पंधरा वर्षांची होती. त्याआधी त्या हौदाला आमच्या माणसानं हात लावायचा नाही, असा दंडक होता. आई तिच्या आईबरोबर घागर घेऊन हौदापासून दहा पावलांवर उभी राहायची. पेठेतलं कुणी आलं, त्याच्या मनात आलं, तर वरून पाणी ओतायचं. कुणी आल्या आल्या ओतायचं. कुणी आपलं धुणं उरकायचं, गप्पा मारायचं, मग बघायचं.

"तान न्हाई आठवत मला," आई म्हणाली. "उभं ऱ्हानं आठवतं."

माझं डोकंच फिरलं. पत्रक चुरगाळावंसं वाटलं. म्हटलं, "आई, उद्या त्या हौदावरच हे सांगतो. सगळ्या पेठेदेखत सांगतो."

"रोज त्याच गल्लीत जायचंय तुला. रोज तीच तोंडं बघायचीत."

"बघीन की."

ती पाकळ्या गोळा करत म्हणाली, "मंग मी बी येते. मी असल्याबिगर तू चार शब्द जास्तच बोलशील."

सकाळी मंडळी घाटावर जमली. टोप्या, बाटल्या, गळ्यात कॅमेरे. माझ्या खांद्यावरची चावी बघून एका बाईंना वाटलं, हे कुठलं जुनं आयुध. म्हटलं, "आयुधच आहे ताई, पण रोजच्या वापरातलं." त्या हसल्या आणि माझी भीड गेली. आईला मी रिक्षानं थेट हौदापाशी नेऊन पायरीवर बसवून आलो होतो.

घाटावरून समोरचे डोंगर दाखवले. सांगितलं, "त्या डोंगरांतल्या लेण्यांत दान देणाऱ्यांचे लेख कोरलेले आहेत. नुसते राजे-महाराजे नाहीत. बांबूकाम करणारे आहेत, कासार आहेत, धान्य विकणारे आहेत. नाणेघाटातून माल चढायचा नि उतरायचा, त्यावर हे गाव उभं राहिलं. हातानं काम करणाऱ्यांचं गाव आहे हे, पहिल्यापासून." हे बोलताना माझी छाती फुगली ते मला कळत होतं. फुगू दे म्हटलं, खोटं थोडंच बोलतोय!

खरी गंमत पुढं झाली. पत्रकात क्रम निराळा होता आणि माझे पाय चालले रोजच्या क्रमानं, म्हणजे व्हॉल्व्हच्या. मंडळी दोनदा एकाच चौकात आली. एक गृहस्थ नकाशा उलटासुलटा करून दमले. "आपण नक्की कुठल्या मार्गानं चाललोय?" "पाण्याच्या," मी म्हणालो. "पाणी असंच जातं, वरून खाली. गावही तसंच वसलंय." त्यांनी नकाशा घडी करून खिशात टाकला, तो शेवटपर्यंत काढला नाही. बाजाराचा दिवस होता. घाटघरकडच्या बायका रानभाज्या नि तांदूळ घेऊन बसल्या होत्या, त्यांच्यातून वाट काढत मी मधेच झाकण उचलायचो, चावी फिरवायचो, आणि गल्लीतून 'आलं गं आलं' ऐकू आलं की पुढं. पाहुण्यांना शिवनेरीपेक्षा याचं कौतुक.

कागद बनवणाऱ्यांच्या वस्तीपाशी मी पिशवीतून भाजक्या मातीच्या नळाचा तुकडा काढला. गळती शोधताना खोदकामात मिळालेला. हातभर लांब, आतून गुळगुळीत. पुढची पिढी आमचे प्लॅस्टिकचे पाइप उकरून असं कौतुक करेल का, देव जाणे. मंडळींनी तो लेकराला घ्यावा तसा हातोहात फिरवला. मला तर भरूनच आलं. ज्यानं कुणी तो बनवला, त्याला मी कधी बघितलं नाही, पण तो माझ्याच धंद्यातला.

पावणेनऊला हौदापाशी पोचलो. आई पायरीवर बसली होती, पांढरं लुगडं, पदर नीट. त्या पेठेचा व्हॉल्व्ह हौदाच्या अगदी शेजारी आहे आणि पाण्याची वेळ नऊची. दारोदार बादल्या, हंडे येऊन बसलेले. मी पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन आलोय म्हटल्यावर पेठेतलेही दहा-पंधरा जण ऐकायला उभे राहिले. त्यांत कोपऱ्यावरच्या काकू होत्या. त्या आईच्याच वयाच्या, माहेर आणि सासर दोन्ही याच गल्लीतलं.

मी हौदाच्या काठावर हात ठेवला आणि म्हणालो, "पत्रकात लिहिलंय, याचं पाणी सारं गाव पीत होतं. ते चुकीचं आहे."

मास्तरांनी खाली बघितलं. मी सांगत गेलो. दहा पावलं मोजून दाखवली. कुठं उभं राहायचं, घागर कशी धरायची, पाणी कसं उंचावरून पडायचं, अर्धं अंगावरच सांडायचं. "ही माझी आई. ती तिथं उभी राहायची." माझा आवाज चढत होता.

तेवढ्यात काकू पुढं आल्या. "खरं सांगतोय तो," म्हणाल्या. "मी परकरात होते. रोज बघायचे. मला कधी ओतू दिलं नाही आणि मीही कधी हट्ट धरला नाही." एवढं बोलून त्या परत आपल्या बादलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

यावर मी थांबायला हवं होतं. पण एका पाहुण्यानं विचारलं, "आणि आता?" मी चावी दोन्ही हातांनी उचलली. "आता? ज्या पेठेच्या हौदाला माझ्या आजीला हात लावता येत नव्हता, त्या पेठेचं पाणी या चावीवर आहे!" टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्यासाठी कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. मग मी आणखी सांगू लागलो. वडिलांचं सांगितलं, नोकरी कशी लागली ते सांगितलं. घड्याळात सव्वानऊ झालेले दिसले. बादल्या रिकाम्या होत्या, बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि आजच्या दिवशी मला 'पाणी सोडा' म्हणायची कुणाची छाती होत नव्हती. मला ते कळत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागत होतं. उभं राहू दे की जरा, असं मनात आलंच माझ्या.

"पानी सोड," आई म्हणाली.

"सोडतो गं. एवढं सांगून झालं की..."

"सांगून झालंय तुजं. येळ झाली." ती पायरीवरून उठायला लागली, मी धावत जाऊन हात दिला. माझा दंड तिनं घट्ट धरला आणि हळूच, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "मी लई उभी ऱ्हायलेय हितं. आता कुनालाच हितं उभं करू नगंस. त्यांना बी न्हाई."

माझी मान खाली गेली. झाकण उचललं, चावी घातली. आईनं पुढं होऊन आपला हात माझ्या हातावर ठेवला. जोर माझाच होता, पण हात तिचा वर होता. आटे फिरले, खाली पाणी धावल्याचा आवाज आला, आणि पहिली धार लागली ती काकूंच्या नळाला.

टाळ्यांच्या वेळी वाटला नव्हता एवढा अभिमान मला तेव्हा वाटला, आणि तो माझा नव्हता, तिचा होता.

मंडळी पुढं चहाला गेली. मास्तरांनी पत्रकावरचं ते वाक्य पेनानं खोडलं. मला म्हणाले, "आईंनाही घेऊन या चहाला." पण आई हलेना. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्या पेठेला पाणी वीस मिनिटं उशिरा सुटलं होतं. ती घड्याळ विचारत पायरीवर बसून राहिली, आणि बंद करायच्या वेळेनंतर मी आणखी वीस मिनिटं पाणी चालू ठेवलं, तेव्हाच उठली.