शपथेचा तिसरा दिवस

ऐंशीनंतरची ती वर्षं. हुपरीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते. लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या, गोळ्या वाटायच्या, असं काम. पण ज्या घरात जाईन त्या घरातली बाई मला सोडायला दारापर्यंत यायची आणि आवाज खाली करून विचारायची, "शिस्टर, च्यातनं द्यायची कसली पावडर मिळती म्हनं? त्यास्नी कळायचं न्हाई, आन् दारू सुटंल." अशी पावडर माझ्याकडं नव्हती. दुसरं काही सांगण्यासारखंही नव्हतं. मी नुसतं "बघते" म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे.

म्हणून मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांसाठी कोल्हापुरात दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आहे असं पत्र आलं, तेव्हा मी आपणहून नाव दिलं. आमच्या डॉक्टरांना हायसं वाटलं. कुणाला तरी पाठवणं भागच होतं, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं.

प्रशिक्षण एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्न असलं की बँड सुरू व्हायचा आणि वर मनःशांतीवरचं व्याख्यान थांबायचं. शिकवायला मोठ्या शहरांतून डॉक्टर आणि प्राध्यापक यायचे. खिडक्यांना काळी कापडं लावून पडद्यावर चित्रं दाखवायचे. त्यांत मेंदूच्या आकृत्या होत्या, आणि दंडात सुया टोचून घेणारी परदेशातली तरुण मुलं होती. आमच्याकडं रोज सायकलच्या ट्यूबमधनं येणाऱ्या हातभट्टीचं एकही चित्र नव्हतं. 'समुपदेशन' हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. ते करायचं कसं यापेक्षा त्याची व्याख्या पाठ करण्यात आमचा जास्त वेळ गेला.

शाहूवाडीकडच्या एका बालवाडीच्या बाई माझ्या शेजारी बसायच्या. एकदा त्यांनी उठून विचारलं, "माझ्या गावात एक सून वर्षभर कुणाशी बोलत नाही. जेवण पुढं ठेवलं तर जेवते, नाही तर नाही. तिला कुठं न्यायचं?"

"तज्ज्ञांकडं पाठवायचं," प्राध्यापक म्हणाले.

"ते कुठं असतात?"

"जिल्ह्याच्या ठिकाणी."

"जिल्ह्याच्या ठिकाणीच बसलोय की आम्ही!" बाई म्हणाल्या. सगळे हसले. प्राध्यापकही हसले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. बाई मात्र हसल्या नाहीत. खाली बसून त्यांनी वहीत 'तज्ज्ञ' एवढंच लिहिलं आणि त्याभोवती पेनानं गोल काढत बसल्या.

आमच्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ होते. शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे बांधायचे. त्यांना सगळे चाचा म्हणायचे. वीस वर्षं दारू पिऊन त्यांनी ती सोडली होती, आणि नंतर आपल्या खात्यातल्या चार-पाच जणांची सोडवली होती. कारखान्याच्या मालकानं त्यांना स्वयंसेवक म्हणून पाठवलं होतं. ते मागच्या बाकावर बसायचे. लिहून काही घ्यायचे नाहीत, पण कान देऊन ऐकायचे.

दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडून एक नाटुकलं करून घेतलं. मी बायको, चाचा दारुडा नवरा, आणि एक तरुण कार्यकर्ता आम्हाला सल्ला देणार. चाचा सरळ चालत आले आणि खुर्चीवर बसले.

"असं नाही," प्राध्यापक म्हणाले, "जरा अडखळत या. झोकांड्या द्या."

"साहेब, मी पिऊन कधी अडखळलो न्हाई," चाचा म्हणाले. "पिऊन सरळ ड्यूटीवर जायचो. न पिलेल्या दिवशी अडखळायचो. हात असं थरथरायचं, की साचा ढासळायचा."

पुन्हा हशा झाला. चाचांनी तो ओसरू दिला आणि विचारलं, "तेच इचारायचं हाय. एकदम सोडली की मानसाचं लई हाल हुतंय. माझं झालतं. त्ये कुनी सांगंना झालंय."

"थोडा अशक्तपणा येतो," प्राध्यापक म्हणाले. "लिंबूपाणी द्यायचं, विश्रांती द्यायची. निर्धार महत्त्वाचा. तुमचा अनुभव अपवाद म्हणून धरू."

मी वहीत लिहून घेतलं: लिंबूपाणी, विश्रांती, निर्धार. मी नर्स होते. शिकत असताना वॉर्डात कॉटला बांधलेली, थरथरणारी, भिंतीवर काहीतरी चाललंय म्हणून ओरडणारी माणसं मी पाहिली होती. पण त्यांचा आणि चाचांच्या प्रश्नाचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नाही. शिकवणारा मोठा होता आणि विचारणारा फौंड्रीतला होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. चाचांचं नाव आलं नाही. चौकशी केली तेव्हा समजलं, प्रमाणपत्रासाठी मॅट्रिक लागतं आणि चाचा चौथीपर्यंत शिकलेले. "मला कागुद कशाला?" म्हणून ते पायऱ्या उतरले. मी माझा कागद पिशवीत घातला. एक शब्द बोलले नाही.

केंद्रात परतल्यावर महिनाभरातच आम्ही व्यसनमुक्तीचं शिबिर घेतलं. तिथं ज्यांनी शपथ घेतली, त्यांत चांदीचे पैंजण करणारा एक कारागीर होता. वय पस्तीस-छत्तीस. हाताचं काम इतकं नाजूक की त्याच्या पैंजणाला लांबून मागणी यायची. पण सकाळी घोट घेतल्याशिवाय त्याला घुंगरू जोडता येत नव्हतं. हळूहळू ते काम बायको आणि आई करायला लागल्या होत्या, आणि हा नुसता शेजारी बसायचा. बायको माझ्याकडं सारखी यायची. त्या दिवशी तिनंच त्याला हाताला धरून आणलं होतं.

"आजपासून थेंबभर घेणार न्हाई," तो सगळ्यांसमोर म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला शाबासकी दिली, बायकोला लिंबूपाण्याचं सांगितलं, आणि अहवालात त्याचं नाव पहिलं लिहिलं. तो सोमवार होता.

बुधवारी दुपारी बायको धापा टाकत केंद्रावर आली. पायात चप्पल नव्हती.

"शिस्टर, चला की! कसं तरीच करायल्यात. चांदीवर मुंग्या चालल्यात म्हनत्यात. अंगावरच्या झाडाय लागल्यात."

डॉक्टर मीटिंगसाठी कोल्हापूरला गेले होते. मी बॅग उचलली आणि तिच्यामागं पळाले. घरात गर्दी झाली होती. पुढच्या सोप्यातल्या, पडवीतल्या, खांबाला त्याला दोरीनं बांधलं होतं. अंग घामानं निथळत होतं, डोळे गरागरा फिरत होते. "त्या मुंग्या काढा, मुंग्या काढा," एवढंच तो ओरडत होता. कुणी म्हणत होतं बाहेरचं झालंय, कुणी म्हणत होतं शपथ लागली. म्हातारी आई माझ्याकडं बघून म्हणाली, "तुमीच घ्याय लावली न्हवं शपथ? आता उतरवा."

मी काय केलं असेल? लिंबूपाणी मागितलं. पेला त्याच्या तोंडाला लावला. दोन घोट बाहेर आले, आणि त्याची मान मागं गेली. दात आवळले, हातपाय ताठ झाले, सगळं अंग खांबाला आपटायला लागलं. फिट आली होती. मी ओरडून दोरी सोडायला लावली, त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. माझी वही पिशवीत होती, आणि त्या वहीत या प्रसंगासाठी एक ओळही नव्हती.

गल्लीतल्या एकाचा टेम्पो होता. त्यात चादर टाकून आम्ही त्याला कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत आणखी एकदा फिट आली. बायको त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं हाताची थरथर पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि लगेच इंजेक्शन देऊन सलाईन लावलं. मग वैतागून म्हणाला, "इतकी वर्षं रोज पिणाऱ्या माणसाची एका दिवसात बंद करायला सांगितली कुणी? मेला असता हा."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

"मी," मी म्हणाले.

"तुम्ही नर्स ना?"

"हो. प्रशिक्षणही झालंय माझं," मी म्हणाले. हे मी का सांगितलं कुणास ठाऊक. डॉक्टर दुसऱ्या कॉटकडं गेला.

दुसऱ्या दिवशी मी शिरोलीला चाचांकडं निरोप धाडला. पाळी सुटल्यावर ते थेट वॉर्डात आले, नखांत काळी माती तशीच. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी विचारलं होतं की. ते तसं म्हणाले नाहीत. कारागीर शुद्धीवर होता, पण भिंतीकडं तोंड करून पडला होता. चाचा त्याच्या कॉटवर टेकले.

"मुंग्या दिसत हुत्या?"

मग भिंतीकडूनच आवाज आला, "व्हय."

"माझ्या येळंला साप हुतं. साच्यातनं बाहेर यायचं. मला वाटलं, मी येडा झालो."

तो वळला. "मग?"

"मग काय? चार दिसांनी ग्येलं साप. त्ये दारूचं हुतं, आपलं न्हवतं. तू येडा न्हाईस गड्या."

कारागीर तेव्हा रडला. समोर बायको होती, मी होते, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. तासभर दोघं बोलत होते. दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणात मला न समजलेली गोष्ट त्या तासाभरात समजली, आणि त्यानं समाधान व्हायच्या ऐवजी माझं डोकंच फिरलं. हा माणूस आमच्याबरोबर त्याच हॉलमध्ये बसला होता. त्याला बोलू दिलं असतं, तर?

मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिलं. काय घडलं, कुणाची चूक झाली, त्यात माझी किती, आणि पुढच्या प्रशिक्षणात काय सांगायलाच हवं, ते सगळं. दोन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: आपली सूचना नोंदविण्यात आली आहे. मग मी स्वतः कचेरीत गेले.

"बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे," तिथले अधिकारी म्हणाले, "पण अभ्यासक्रम वरून येतो."

"वर कुणाला भेटायचं?"

"तसं एक कुणी नसतं हो."

त्यांनी चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. तो वाईट असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या वर्षी मला 'यशस्वी माजी प्रशिक्षणार्थी' म्हणून दहा मिनिटं बोलायला बोलावलं. चाचांनाही बोलवा, असं मी कळवलं. 'ते प्रमाणपत्रधारक नसल्याने' जमणार नाही, असं उत्तर आलं. मी एकटी गेले आणि यशाबद्दल एक अक्षर बोलले नाही. सोमवारची शपथ, बुधवारच्या मुंग्या, टेम्पोतली फिट, सगळं सांगितलं. मधेच ते अधिकारी उठले, "आभारी आहोत, जेवण तयार आहे," असं म्हणाले आणि माईक माझ्या हातातून घेतला.

जेवताना मात्र चार-पाच जण ताट घेऊन माझ्याभोवती बसले. पहिली लक्षणं कोणती, दवाखान्यात कधी न्यायचं, घरच्यांना आधी काय सांगायचं. तेवढ्या वेळात जमेल तेवढं सांगितलं. तिकडं घंटा झाली आणि ते पळाले.

मग मी आमच्याच केंद्रात दर शनिवारी दुपारी बैठक सुरू केली. आजूबाजूच्या गावांतल्या सेविका, दाया, पिणाऱ्यांच्या बायका यायच्या. चाचा एस.टी.नं शिरोलीहून यायचे. मी औषधाची बाजू सांगायचे, बाकीचं ते. कारागीरही येऊन बसायचा. मधे एकदा त्याचा पाय घसरला, चार महिने पुन्हा पीत होता. तेव्हा बायको आली आणि म्हणाली, "शिस्टर, ह्या येळंला शपथ नगं. आधी दवाखाना." मला तिचा अभिमान वाटला, आणि ती हे कुणाच्या चुकीतून शिकली तेही आठवलं.

दीडेक वर्ष हे चाललं आणि माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या बाई वाईट नव्हत्या. पण ही बैठक कोणत्या आदेशानं चालते, असं त्यांनी विचारलं. आदेश नव्हताच. चाचांनी कुणाकडून तरी चिठ्ठी लिहून पाठवली: परवानगी मागत्यात, काय करू? मी उलट टपाली लिहिलं, कुठंही बसा, पण बसा.

काही महिन्यांनी समजलं, कारागिराच्या बायकोनं आपला सोपा मोकळा करून दिलाय आणि चाचा शनिवारी तिथं बसतात. ऐकून बरं वाटलं. पण राग गेला नाही. आम्ही बसायचो ती केंद्रातली खोली मला माहीत होती. पंखा होता, बाकं होती, औषधाचं कपाट होतं, आणि आता शनिवारी दुपारी तिला कुलूप असायचं.