दुपारी दोनचा धडा

माझी वहिनी दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करते. तिथल्या वाफेने तिला धाप लागते. केसपेपरच्या खिडकीवर बसून करायच्या कामाची एक जागा निघणार होती, पण त्याला दहावी पास हवी. म्हणून पस्तिसाव्या वर्षी तिने घरून शिकायचा फॉर्म भरला.

शिकवणी फोनवर. रोज दुपारी दोनला फोन यायचा, एक बाई दहा मिनिटं धडा सांगायची आणि ठेवून द्यायची. पुन्हा ऐकायची सोय नाही. पुस्तकं छापून व्हायची होती, ती कधी झाली देव जाणे. घरात फोन एकच, बटणांचा, आणि धुलाईखान्यात फोन नेऊ देत नाहीत. मीही दुपारी कामावर. तेव्हा धडा ऐकायचं काम आईच्या गळ्यात पडलं.

आईला अक्षरओळख नाही, पण दहा वर्षांपूर्वीचं भांडण ती शब्दन् शब्द सांगते. संध्याकाळी ती धडा म्हणायची आणि वहिनी भाजी चिरता चिरता हात पुसून वहीत लिहायची. खरं सांगते, मला राग यायचा. मी शाळेत असताना याच आईने माझा अभ्यास झाला का, असं एकदाही विचारलं नव्हतं.

निकाल लागला. बाकी सगळे विषय सुटले, विज्ञान चार गुणांनी गेलं. खिडकीवर दुसरीच कुणी जाऊन बसली. पचनाचा आठ गुणांचा प्रश्न होता. रात्री जेवताना वहिनीने सांगितलं, तिने लिहिलं होतं की अन्न काळजात शिजतं, म्हणून जेवल्यावर अंग गरम होतं.

"हे कुठलं गं ज्ञान?" मी विचारलं.

"आईंनीच सांगितलं होतं."

आईचा घास हातातच राहिला. "त्या दुपारी माझा डोळा लागला," ती म्हणाली. "जाग आली तर ती बाई फोन ठेवत होती. तू दमून येणार, तुला काय सांगू? म्हणून मनानेच जुळवलं."

मी तोंड सोडणारच होते. वहिनी उठली, फोन आणून आईपुढे ठेवला.

"फेरपरीक्षेचे धडे सोमवारपासून आहेत. दुपारी जरा कमी जेवत जा."

"आणि पुन्हा झोपले तर?"

"तर झोपले म्हणून सांगा. पण मनाचं काही सांगू नका, आई. मला तुमचं सगळं खरं वाटतं."